संदर्भ कालावधी (अधिकृत आकडेवारीतील)

एखादा आकडा ज्या काळाबद्दल बोलतो, तो त्याचा संदर्भ कालावधी. माहिती गोळा केली तो काळ वेगळा, आणि दोघांची गल्लत नेहमीची. "महिन्याला तेल किती लागतं?" असा मोघम प्रश्न सर्वेक्षणात चालत नाही, "गेल्या सात दिवसांत किती वापरलं?" असाच विचारावा लागतो.

लोकसंख्या मोजायला कालावधी नव्हे, क्षण लागतो. २०११ च्या जनगणनेचा संदर्भक्षण होता १ मार्चची मध्यरात्र (००:०० वाजता). बर्फाळ भागांसाठी १ ऑक्टोबर २०१०. प्रगणक मात्र ९ ते २८ फेब्रुवारी घरोघर फिरले आणि १ ते ५ मार्च फेरतपासणी झाली. मध्यरात्रीनंतर जन्मलेलं बाळ गणनेत नाही, पण पहाटे दोनला वारलेली व्यक्ती आहे. १९३१ पर्यंत गणना एका रात्रीत उरकत असे, बडोदा संस्थानातही.

खरी अडचण घरखर्चाची. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात सध्या तीन कालावधी मिसळलेले असतात: खाद्यतेल, अंडी-मासे-मांस, भाजी, फळं, मसाले, पेयं, तयार खाणं, पान-तंबाखू यांना ७ दिवस, कपडे, पादत्राणं, शिक्षण, रुग्णालयातला खर्च आणि टिकाऊ वस्तू यांना ३६५, धान्य, डाळी, दूध वगैरे उरलेल्याला ३० दिवस.

उदाहरणार्थ, वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या एका मराठी घरी २० जानेवारीला अन्वेषक आला. भेटीचा दिवस धरायचा नाही. सात दिवस म्हणजे १३ ते १९ जानेवारी, तीस दिवस म्हणजे २१ डिसेंबर ते १९ जानेवारी. यात उत्तरायण (१४ जानेवारीची संक्रांत) आलं, म्हणजे उंधियूची भाजी आणि जास्तीचं तेल आलं. १५ किलोचा सिंगतेलाचा (शेंगदाणा तेलाचा) डबा त्याच आठवड्यात आणला असला तरी अख्खा डबा लिहायचा नाही. वापर झाला १.४ किलो, तर नोंद १.४. महिन्यावर न्यायला ३० ने गुणून ७ ने भागतात: ६ किलो. वर्षाचा गहू भरणाऱ्या घरातही हाच नियम, आणि नवख्याची चूक हमखास इथेच होते. फ्रिजचं मात्र उलट: तिथे वापर नव्हे, वर्षभरातली खरेदी धरतात.

हेच घर २५ तारखेला गाठलं असतं तर उत्तरायण सात दिवसांबाहेर गेलं असतं. म्हणून एकट्या घराचा मासिक आकडा फारसा विश्वासाचा नाही. नमुना वर्षभर पसरला की सणाचे आणि साधे आठवडे आपापल्या प्रमाणात येतात. २०२२-२३ चं सर्वेक्षण ऑगस्ट ते जुलै चाललं. (बडोदा संस्थानचं सरकारी वर्षही ऑगस्ट ते जुलैच होतं, योगायोगच.)

कालावधी लांबवला की किरकोळ खरेदी विसरली जाते. आखूड केला की आधीची खरेदी आत ओढली जाते. यावर साधा उपाय म्हणजे तारखेऐवजी सणाची खूण: "हे उत्तरायणाच्या आधी घेतलं की नंतर?" १९९९-२००० च्या ५५ व्या फेरीत खाद्यपदार्थांसाठी ७ आणि ३० दिवसांचे प्रश्न एकाच घरी शेजारी-शेजारी विचारले गेले. एक उत्तर दुसऱ्याला जुळवून दिलं जाण्याचा धोका उघड होता. घरखर्चावरून काढलेले त्या वर्षीचे गरिबीचे आकडे आधीच्या फेऱ्यांशी ताडून पाहता येतात का, यावर दीर्घ वाद झाला. ही चूक टाळण्याजोगी होती. २०११-१२ मध्ये दोन प्रश्नावल्या वेगवेगळ्या घरांना दिल्या.

रोजगारातही तेच. उत्तरायणापूर्वी दीड महिना मांजा सुतणारा, एरवी काम न शोधणारा माणूस घ्या. १० जानेवारीला विचारलं तर तो साप्ताहिक स्थितीनुसार कामावर आहे, कारण सात दिवसांत एक तासाचं कामही पुरतं. जूनमध्ये त्याच निकषाने तो कामावर नाही. पण ३६५ दिवसांच्या नेहमीच्या स्थितीत, ३० दिवसांहून जास्त काम केल्यामुळे, दुय्यम कामगार म्हणून मोजला जातो. दोन्ही नोंदी बरोबर.

किमतींच्या निर्देशांकात भारांचा (कोणत्या वस्तूला किती महत्त्व द्यायचं याचा) आणि किमतींचा संदर्भ वेगळा असू शकतो. २०१२=१०० या ग्राहक किंमत मालिकेत भार जुलै २०११ ते जून २०१२ च्या खर्चावरून घेतले होते, पायाभूत किमती २०१२ च्या.

वर्षांचे प्रकार जुळवणं हे किचकट काम. आर्थिक वर्ष एप्रिल-मार्च, श्रमबल सर्वेक्षणाचं वर्ष २०१७-१८ पासून जुलै-जून. जानेवारी २०२५ पासून ते कॅलेंडर वर्षावर आणलं असून मासिक आकडेही मिळतात.