एनएसएसला नाव द्यायचंय? फॉर्म, तास, कॅम्प आणि गावाचं पत्र

ॲडमिशन झाल्या झाल्या कॉलेजच्या बोर्डावर एनएसएसची नोटीस लागते आणि मग ग्रुपवर दरवर्षी तेच प्रश्न, कोणाला घेतात, कागद काय लागतात, कॅम्पला जायलाच लागतं का. मी दोन वर्षं स्वयंसेवक होतो, त्यामुळे एकदाच सगळं लिहून टाकतो.

एनएसएस म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ ला ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थी घेऊन सुरू झाली. योजना केंद्र सरकारची असली तरी आपलं सगळं काम कॉलेजातल्या पीओ सरांकडे किंवा मॅडमकडेच असतं, म्हणजे कार्यक्रम अधिकारी, ते आपल्याच कॉलेजचे प्राध्यापक असतात.

फर्स्ट इयरलाच नाव द्या, हे आधी सांगतो. विद्यापीठाचं सर्टिफिकेट दोन वर्षं पूर्ण केल्यावर मिळतं, त्यामुळे लास्ट इयरला जाग आली तर काम करता येईल पण सर्टिफिकेट विसरा. कुठल्याही शाखेचा मुलगा-मुलगी चालते, मार्कांची अट नाही. फक्त एनसीसी आणि एनएसएस दोन्ही एकदम करता येत नाही, एक काहीतरी निवडा. साधारण १०० जणांचं एक युनिट असतं, म्हणून उशीर केला की जागा भरलेली असते.

कागद काही फार नाहीत. कॉलेजचा फॉर्म, आयकार्ड किंवा फी पावतीची झेरॉक्स, आधारची झेरॉक्स, दोन-तीन फोटो, आणि रक्तगट माहीत असू द्या कारण रक्तदान शिबिर असतंच. आता माय भारत या केंद्र सरकारच्या तरुणांसाठीच्या पोर्टलवर पण नोंदणी करायला सांगतात, तिथे नाव आणि जन्मतारीख आधारवर आहे तशीच टाका, स्पेलिंग चुकलं की नंतर दुरुस्तीसाठी फेऱ्या मारत बसावं लागतं. कॅम्पच्या वेळी पालकांचं संमतीपत्र वेगळं लागतं, काही कॉलेजं डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेटही मागतात.

मग तास. वर्षाला १२० म्हणजे दोन वर्षांत २४०, आणि ७ दिवसांचं एक निवासी शिबिर. तास डायरीत लिहायचे आणि त्याच आठवड्यात पीओंची सही घ्यायची. माझे पहिल्या वर्षीचे अकरा तास असेच गेले, झाडं लावली, फोटोत पण मी आहे, पण सही घ्यायची राहिली आणि नंतर कोणाला आठवेना. कोणार्कच्या चाकाचा बॅज मिळतो त्यात आठ आरे आहेत, ते दिवसाचे आठ प्रहर. आमचे सर म्हणायचे, चाक चोवीस तास फिरतंय आणि तुमची डायरी कोरी.

शिबिराला आपल्याकडे श्रमसंस्कार शिबिर म्हणतात. युनिटमधल्या साधारण निम्म्यांनाच एका वर्षी नेतात, त्यामुळे पहिल्या वर्षी नंबर नाही लागला तर रुसू नका. सकाळी प्रभातफेरी आणि श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री मंदिरासमोर पथनाट्य नाहीतर गाणी, मुक्काम झेडपीच्या शाळेत.

आता जो भाग कोणीच नीट सांगत नाही तो, गावाची बाजू. कॉलेज जवळपासचं एखादं गाव दत्तक घेतं, पण गावालाही स्वतःहून मागता येतं हे बऱ्याच सरपंचांना माहीतच नसतं. ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर प्राचार्यांच्या नावाने पत्र द्यायचं, सोबत ठराव जोडला तर उत्तमच, आणि त्यात राहायची सोय, पाणी, संडास आणि नेमकं काम काय हवंय ते लिहायचं. "गावाचा विकास करावा" असं लिहू नका, "अमुक ओढ्यावर वनराई बंधारा घालायचाय, रिकामी पोती आम्ही देतो" असं लिहा. पत्र दिवाळीच्या आधी पोचलं पाहिजे कारण शिबिरं बहुतेक डिसेंबर-जानेवारीत होतात आणि तारखा आधीच ठरतात.

कारण उलटं झालं की काय होतं ते मी बघितलंय. आमच्या पहिल्या शिबिरात कोणी काही मागितलं नव्हतं, आम्हीच ठरवून सांडपाणी जिरवायचे शोषखड्डे खणले, आणि पुढच्या वर्षी गेलो तर दोन बुजवून त्यावर गुरं बांधलेली. मग सरांनी गावातल्या बायकांना बसवून विचारलं, तर त्यांना हापशापासून घरापर्यंतची वाट दुरुस्त करून हवी होती, पावसात घसरायला व्हायचं. चार दिवसांत झाली आणि रोज कोणाकडून तरी भाकरी यायची.

क्रेडिटचं विचाराल तर आता नव्या शैक्षणिक धोरणात बऱ्याच कॉलेजांत एनएसएस को-करिक्युलरमध्ये धरतात, किती ते आपल्या ऑफिसात विचारा, विद्यापीठागणिक फरक आहे. पैसे मात्र मिळत नाहीत, मानधन वगैरे काही नसतं.

कॅम्पला जाताना ताट-वाटी, पांघरूण आणि टॉर्च घ्या. टॉर्च नक्की घ्या, शाळेचं बाथरूम नेहमी मैदानाच्या पार पलीकडे असतं.