व्याख्येवर अडले, वासावर जमले

नाशिकरोड स्थानकावर पंचवटी एक्सप्रेसची वाट पाहणाऱ्या गर्दीतून बॉम्बशोधक पथकाचा लॅब्राडोर जातो, तेव्हा तो प्रत्येक बॅगेच्या चेनपाशी नाक नेऊन दोन-तीन झटपट श्वास घेतो आणि पुढे सरकतो. संशय आल्यास भुंकायचे नाही, पंजाने उकरायचे नाही, शांतपणे खाली बसायचे, असे त्याला शिकवलेले असते. संशयित वस्तूला धक्का लागू नये, हे त्यामागचे कारण. 2027च्या सिंहस्थात रामकुंडावरही अशीच नाके राबतील. त्या नाकांना नेमका कशाचा वास येतो, हा प्रश्न मात्र रसायनशास्त्राचा आहे तितकाच परराष्ट्र धोरणाचाही आहे.

कापूर उघडा ठेवला की उडून जातो आणि मीठ वर्षभर तसेच राहते, हा फरक बाष्पदाबाचा, म्हणजे पदार्थाची वाफ किती सहज होते याचा. आरडीएक्स हे स्फोटक या बाबतीत मिठाच्या बाजूचे आहे. खोलीच्या तापमानाला हवेच्या लाख कोटी रेणूंमागे त्याचे जेमतेम काही रेणू सापडतात. कुत्र्याच्या नाकात 20 कोटींहून अधिक गंधग्राहक पेशी असल्या, तरी त्यालाही पुष्कळदा आरडीएक्सपेक्षा ते बनवताना वापरलेल्या आणि त्यात उरलेल्या द्रावकांचाच (विरघळवणाऱ्या द्रवांचाच) माग लागतो. 21 डिसेंबर 1988 रोजी स्कॉटलंडमधील लॉकरबी गावावर पॅन ॲमचे विमान कोसळले आणि 270 माणसे मेली, ती रेडिओ-कॅसेट प्लेअरमध्ये दडवलेल्या अशाच जवळजवळ गंधहीन प्लास्टिक स्फोटकामुळे, म्हणजे कणकेसारखा हवा तो आकार देता येणाऱ्या स्फोटकामुळे.

त्यानंतर राष्ट्रांनी जे केले, ते मला दहशतवादविरोधी मुत्सद्देगिरीतील सर्वांत शहाणपणाचे काम वाटते. 1 मार्च 1991 रोजी माँट्रियल येथे झालेल्या कराराने असे ठरवले, की प्लास्टिक स्फोटक बनवतानाच त्यात सहज उडणारे एक चिन्हक रसायन मिसळायचे आणि चिन्हक नसलेला माल बनवायचाही नाही, सीमेपलीकडे जाऊही द्यायचा नाही. त्यासाठी प्रामुख्याने वापरले जाणारे डायमिथाइल-डायनायट्रोब्युटेन निसर्गात आढळत नाही. त्यामुळे त्याचा वास आला तर तो अत्तराचा की खताचा अशी शंका उरत नाही. 1998 साली लागू झालेल्या या करारात भारतही सामील आहे.

याच्या उलट, दहशतवादाविरुद्ध एक सर्वसमावेशक आंतरराष्ट्रीय करार व्हावा, हा भारताने 1996 साली संयुक्त राष्ट्रांत मांडलेला प्रस्ताव अजून रखडलेला आहे. स्वातंत्र्यासाठीचा सशस्त्र लढा दहशतवादात मोडतो का आणि सरकारी सैन्याच्या कृतींचे काय, या दोन प्रश्नांवर दहशतवादाची व्याख्या अडते. देशांतर्गत कायद्यात, म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या कलम 15 मध्ये, ती व्याख्या आहे, आणि 26/11 नंतर राष्ट्रीय तपास यंत्रणाही उभी राहिली. पण आरोपी परदेशात बसला असेल, तर आपली व्याख्या त्या देशालाही पटावी लागते.

चिन्हकाचीही मर्यादा आहे. लष्करांच्या जुन्या साठ्यांना करारानेच 15 वर्षांची मुदत दिली होती, आणि घरगुती पद्धतीने बनवलेल्या स्फोटकात चिन्हक कोण घालणार? तिथे वासाऐवजी हिशेब कामाला येतो. सारूळच्या दगडखाणींत कातळ फोडायला सुरुंग लावतात, त्या स्फोटकांमागचे मुख्य रसायन म्हणजे अमोनियम नायट्रेट. ते स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्याला भरपूर ऑक्सिजन पुरवते. मुंबईत जुलै 2011 मध्ये झालेल्या स्फोटांत ते वापरले गेले. त्याच वर्षी केंद्राने ते 1884च्या स्फोटक कायद्याच्या कक्षेत आणले आणि 2012च्या नियमांनी त्याचे उत्पादन, आयात, वाहतूक, साठा व विक्री परवान्याला बांधली. ज्या खतांतून हे रसायन वेगळे काढता येत नाही, ती नियमांतून वगळली आहेत. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराला दुकानात खत मागताना पोलीस आठवू नयेत, एवढी ही काळजी पुरेशी आहे.

परवानाधारकाच्या गोदामातल्या नोंदवहीत मात्र आलेले आणि गेलेले प्रत्येक पोते उतरते, आणि साठ्यात तूट आली किंवा चोरी झाली, तर पोलिसांना कळवावे लागते. अशी वही रोज भरण्याइतके कंटाळवाणे काम दुसरे नसेल. स्थानकावरचा लॅब्राडोर निदान मध्येच शेपूट तरी हलवतो.