मड टॅक्स आणि एचओएची वर्गणी: एक सरकार, एक करार

ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटी किंवा सायप्रस भागात नवे घर घेणाऱ्या मराठी कुटुंबाच्या हाती कागदांचा जो गठ्ठा पडतो, त्यात दोन संस्थांची नावे हमखास असतात. एक म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट, जिला तिथे सगळे ‘मड’ म्हणतात (चिखलाशी संबंध नाही, आणि नावात ‘म्युनिसिपल’ असले तरी ती शहराच्या महापालिकेचे खातेही नाही). दुसरी होमओनर्स असोसिएशन, म्हणजे ‘एचओए’. दोन्हींकडे पैसे भरावे लागतात आणि दोन्हींचा पसारा बहुधा त्याच वसाहतीपुरता असतो, त्यामुळे ‘मेंटेनन्सचेच दोन प्रकार’ अशी समजूत करून घेऊन लोक सही करतात. वस्तुतः मड हे एक छोटेसे सरकार आहे आणि एचओए हा एक करार आहे; पुढचे बहुतेक फरक याच एका गोष्टीतून निघतात.

टेक्सासात शहराच्या हद्दीबाहेरच्या मोकळ्या माळावर विकासक घरे बांधायला निघतो, तेव्हा तिथे नळ नसतो, मलवाहिनी नसते आणि पावसाचे पाणी वाहून नेण्याची सोय नसते. कौंटी (आपल्या जिल्ह्यासारखे स्थानिक प्रशासन) ही कामे सहसा करत नाही आणि शहराला इतक्या लांब नळ ओढण्याची घाई नसते. अशा वेळी राज्यघटनेतील 1917 च्या जलसंधारणविषयक दुरुस्तीच्या आणि जलसंहितेच्या 54 व्या प्रकरणाच्या आधारे जमीनमालक राज्याच्या पर्यावरण आयोगाकडे डिस्ट्रिक्ट स्थापण्याचा अर्ज करतो, किंवा विधिमंडळाकडून त्यासाठी स्वतंत्र कायदाच करून घेतो. जमीन एखाद्या शहराच्या हद्दीलगतच्या अधिकारक्षेत्रात येत असेल तर त्या शहराची संमतीही लागते. सुरुवातीला पाच तात्पुरते संचालक नेमले जातात आणि मग डिस्ट्रिक्टला मान्यता देण्यासाठी मतदान होते. गंमत अशी, की त्या वेळी तिथे वस्तीच नसते. माळावर ट्रेलरमध्ये राहायला आलेल्या दोनतीन मतदारांनी लक्षावधी डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिल्याची उदाहरणे आहेत. हे कायद्यात बसते. ज्यांनी ते कर्ज फेडायचे, ते लोक मात्र तेव्हा त्या गावचेही नसतात, हे काही मनाला पटत नाही.

मंजुरी मिळाल्यावर विकासक स्वतःच्या पैशाने नळ, गटारे आणि पाणी साठवणारे तलाव बांधतो. घरे उभी राहून करपात्र मूल्य तयार झाले, की डिस्ट्रिक्ट आयोगाच्या मान्यतेने रोखे विकते आणि त्या पैशातून विकासकाच्या पात्र खर्चाची भरपाई करते. रोख्यांची फेड घरांवरच्या करातून होते. थोडक्यात, जमिनीखालच्या नळाची किंमत घराच्या किमतीत एकरकमी न येता वीसपंचवीस वर्षांच्या हप्त्यांनी मालकाकडून वसूल होते.

एचओएचा जन्म याहून साधा आहे. विकासक प्लॉट विकण्याआधी कौंटीच्या दफ्तरात काही अटी नोंदवून ठेवतो आणि एक ना-नफा संस्था स्थापतो. तिथे घर घेणारा खरेदीबरोबरच तिचा सभासद होतो. पुण्यामुंबईच्या गृहनिर्माण सोसायटीशी तिची तुलना होते, पण इथे प्लॉट आणि घर दोन्ही मालकाच्या नावावर असतात. संस्थेकडे असतो तो पोहण्याचा तलाव, कुंपण, प्रवेशद्वाराजवळची फुलझाडे, आणि तुमच्या दाराचा रंग कोणता असावा हे सांगण्याचा अधिकार. त्या अधिकारालाही मर्यादा आहेत. दाराला तोरण किंवा गणपती लावला म्हणून पत्र येईल अशी धास्ती घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की दारावरील धार्मिक चिन्हांना टेक्सासच्या कायद्याने 2011 मध्येच संरक्षण दिले आणि 2021 मध्ये ते आणखी व्यापक केले.

पैशांचे गणितही निरनिराळे आहे. समजा, घराचे मूल्यांकन 4,00,000 डॉलर आहे आणि मडचा दर 100 डॉलरला 90 सेंट आहे. तर वर्षाचा कर 3,600 डॉलर होतो. एचओएची वर्गणी सहसा प्लॉटमागे ठरलेली असते, घर महाग झाले म्हणून ती वाढत नाही. पण ती कधी संपतही नाही. मडचा दर मात्र वस्ती वाढली आणि कर्ज फिटत गेले की खाली येऊ शकतो. मुख्य घरासाठी शाळेच्या करात मिळणारी मोठी सूट मडच्या करात आपोआप मिळत नाही, हे पुष्कळांना पहिले बिल आल्यावर कळते. केंद्रीय प्राप्तिकरात मडचा कर ठरलेल्या मर्यादेत वजा करता येतो, राहत्या घराची एचओए वर्गणी येत नाही. शिवाय मडचा कर बहुधा बँकेच्या मासिक हप्त्यातच मुरलेला असतो आणि एचओएचे बिल स्वतंत्र येते. म्हणून लोक लहान रकमेवर चिडतात आणि मोठी रक्कम त्यांच्या ध्यानातही येत नाही.

तक्रार कोणाकडे न्यायची, हेही यावरूनच ठरते. वसाहतीतल्या तळ्यात कारंजे असते. अनेक ठिकाणी तळे मडचे, कारण ते पुराचे पाणी अडवते, आणि कारंजे एचओएचे, कारण ते शोभेचे. कारंजे बंद पडले म्हणून मडला फोन करून उपयोग नसतो. मडचे पाच संचालक चार वर्षांसाठी निवडले जातात. तिथल्या नोंदणीकृत मतदाराला, म्हणजे नागरिकाला, मत देता येते, त्याचे घर स्वतःचे असो वा भाड्याचे. एचओएमध्ये मत घरमालकीला असते, त्यामुळे एच-1बी व्हिसावरचा मालक तिथे मत देऊ शकतो, मडच्या निवडणुकीत नाही. कर मात्र त्याला पुरा भरावा लागतो.

घराचा करार पक्का होण्याआधी विक्रेत्याने डिस्ट्रिक्टची जी नोटीस देणे कायद्याने बंधनकारक आहे, तिच्यात कराच्या दराबरोबर आणखी दोन आकडे असतात: मतदारांनी एकूण किती रोख्यांना मंजुरी दिली आहे आणि त्यांपैकी आतापर्यंत किती विकले गेले आहेत. दोहोंत मोठे अंतर असेल, तर अजून बरेच कर्ज काढायला वाव आहे आणि दर लवकर उतरेल या विक्रेत्याच्या भरवशावर हिशेब मांडू नये.