कंट्री गायकांचे बोल

कंट्री गायकांचे बोल : अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत वाढलेल्या ‘कंट्री’ या संगीतप्रकारातील गायक-गायिकांनी मुलाखतींत, आत्मचरित्रांत किंवा मंचावर दोन गाण्यांच्या मधल्या वेळात काढलेले आणि पुढे लोकांच्या तोंडी रुळलेले उद्गार. गाण्यांतल्या ओळीही अनेकदा म्हणींसारख्या वापरल्या जातात, पण त्यांचे श्रेय पुष्कळदा पडद्याआडच्या गीतकाराचे असते. या नोंदीत मुख्यतः गायक स्वतःच्या तोंडाने जे बोलले, त्याचा विचार केला आहे.

ॲपलाचियन डोंगराळ भागात स्थायिक झालेल्या इंग्लिश, स्कॉटिश व आयरिश लोकांची कथागीते, कृष्णवर्णीयांचे बँजो या तंतुवाद्याचे वादन व ब्लूज ही दुःखगीते आणि चर्चमधील भजने यांच्या मिश्रणातून हे संगीत घडले. १९२७ च्या उन्हाळ्यात टेनेसी व व्हर्जिनिया यांच्या सीमेवरील ब्रिस्टल गावात ध्वनिमुद्रण-निर्माता राल्फ पीअर याने केलेल्या ध्वनिमुद्रणांतून कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स हे सुरुवातीचे गायक पुढे आले. त्याआधी १९२५ मध्ये कंट्रीचे मुख्य केंद्र असलेल्या टेनेसीतील नॅशव्हिल शहराच्या डब्ल्यूएसएम रेडिओ केंद्रावर सुरू झालेला कार्यक्रम पुढे ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नावाने गाजला. या बोलांच्या दृष्टीने रेडिओचे महत्त्व फार मोठे आहे. कापसाच्या शेतातून किंवा कोळशाच्या खाणीतून घरी परतलेल्या माणसाला गायकाचे नुसते गाणे ऐकू येत नव्हते, त्याचे बोलणेही ऐकू येत होते, आणि ते बोलणे आपल्याच गावातल्या माणसासारखे असावे अशी त्याची अपेक्षा होती. ऑप्रीवर १९४० पासून मिनी पर्ल ही विनोदी कलावती येई. तिच्या टोपीला १ डॉलर ९८ सेंट किमतीची चिठ्ठी तशीच लोंबत असे, आणि मोठ्याने ‘हाउडी’ (गावाकडचा ‘नमस्कार’) करून इथे आल्याचा किती अभिमान वाटतो, हे ती सांगे. नवी टोपी घेतली की चिठ्ठी काढायचे भान न राहण्याइतका आनंद होतो, हे ज्यांनी अनुभवले होते, तेच तिचे श्रोते होते.

या संगीताची सर्वांत प्रसिद्ध व्याख्या गीतकार हार्लन हॉवर्ड याची : ‘तीन कॉर्ड आणि सत्य’. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी छेडलेला स्वरसमूह. असे तीन समूह जमले की गिटारवर असंख्य गाण्यांची साथ करता येते. म्हणजे साधने अगदी मोजकी, आणि उरलेला सगळा भार खरेपणावर.

हँक विल्यम्सने (१९२३–१९५३) हीच गोष्ट अधिक रांगड्या शब्दांत सांगितली. तो एकोणतिसाव्या वर्षी, १ जानेवारी १९५३ रोजी, कार्यक्रमाला जाताना मोटारीतच वारला. त्याच सुमारास छापून आलेल्या मुलाखतीत, या गाण्यांच्या यशाचे कारण त्याने एका शब्दात सांगितले आहे : प्रांजळपणा. आईला मूठमाती दिल्याचे गाणे गाताना गाणाऱ्याला आई समोर शवपेटीत निजलेली दिसत असते, असे तो म्हणतो. पुढे तो म्हणतो की, असे गायचे असेल तर कष्ट ठाऊक असले पाहिजेत आणि खेचराच्या लिदीचा वास भरपूर घेतलेला असला पाहिजे. हँक स्वतः नांगर धरणाऱ्यांपैकी नव्हता. अलाबामातल्या लहान गावांत शेंगदाणे विकत, बूटपॉलिश करत तो वाढला आणि रूफस पेन या कृष्णवर्णीय रस्त्यावरच्या वादकाकडून संगीत शिकला. तरी त्याने उदाहरण दिले ते खेचराचे, कारण ऐकणाऱ्यांच्या आयुष्यात खेचर होते. कंट्री गायकांच्या बोलांची घडण इथे स्पष्ट दिसते. शब्द घरातले, वस्तू हाताला लागणाऱ्या. मोठ्या कल्पनेचे नाव सहसा घ्यायचेच नाही, आणि घेतले तर लगेच तिला लिदीच्या वासापर्यंत खाली आणायचे.

लोरेटा लिन (१९३२–२०२२) हिचे एक वाक्य मला या सगळ्या भांडारात सर्वांत वजनदार वाटते. या धंद्यात टिकायचे तर तुम्ही पहिले असले पाहिजे, थोर असले पाहिजे, नाहीतर वेगळे असले पाहिजे, असे ती सांगत असे. आणि बायका जसे जगतात तसेच गात नॅशव्हिलमध्ये शिरणारी पहिली मीच, अशी पुस्ती जोडत असे. केंटकीतल्या बुचर हॉलो या खोऱ्यात खाणकामगाराच्या आठ अपत्यांपैकी ती दुसरी. पंधराव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि विशीपर्यंत चार मुले झाली. नवऱ्याने आणून दिलेल्या सतरा डॉलरच्या गिटारवर ती आपली आपण शिकली. १९६० मध्ये निघालेली पहिली तबकडी मोटारीत टाकून नवरा-बायको रेडिओ केंद्रांचे उंबरे झिजवत फिरले. ‘पहिली मीच’ हा तिचा दावा मात्र थोडा तपासून घ्यावा लागतो. किटी वेल्सने १९५२ मध्येच पुरुषांच्या तक्रारीला बाईच्या बाजूने उत्तर देणारे गाणे गाऊन कंट्रीच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिला क्रमांक मिळवला होता. पण ते गाणे एका पुरुषाने लिहिले होते. लोरेटाने आपली कितीतरी गाणी स्वतः लिहिली. दारू पिऊन घरी येणारा नवरा, सवत होऊ पाहणारी शेजारीण, एकामागून एक बाळंतपणे हे तिचे विषय होते. गर्भनिरोधक गोळीवरचे तिचे गाणे १९७५ मध्ये आले तेव्हा अनेक केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला. त्याआधी १९७२ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातील सर्वोत्तम कलावंताचा सन्मान मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली होती. हे सगळे माहीत असले की तिच्या त्या वाक्यातला ‘पहिले’ हा शब्द बढाईचा राहत नाही.

डॉली पार्टनचा (जन्म १९४६) सूर वेगळा आहे. लोकांनी हसायच्या आधी ती स्वतःलाच हसते आणि हसणाऱ्याच्या हातातला दगड काढून घेते. ‘इतके सवंग दिसायला फार पैसा लागतो’ हे तिचे वाक्य जगभर पोहोचले आहे. मराठीला हे वाक्य चांगले मानवते, कारण ‘सवंग’ या शब्दात कमी किमतीचे हा जुना अर्थ आणि उथळ, भडक हा आजचा अर्थ दोन्ही आहेत, आणि मूळ विनोद नेमका तेवढाच आहे. मठ्ठ सोनकेशी बायकांवरच्या विनोदांचे तुला वाईट वाटत नाही का, या प्रश्नावरचे तिचे उत्तर : नाही, कारण मी मठ्ठ नाही हे मला ठाऊक आहे, आणि माझे केस सोनेरी नाहीत हेही. या रूपामागची हकिगतही तिने लपवलेली नाही. लहानपणी गावातली एक नटवी बाई तिला जगातली सर्वांत सुंदर बाई वाटे. गाव त्या बाईला नावे ठेवी आणि डॉलीला मात्र मोठेपणी तसेच व्हायचे होते.

टेनेसीच्या डोंगरात बारा भावंडांत ती चौथी. तिच्या जन्माच्या वेळी आलेल्या डॉक्टरला बापाने मक्याच्या पिठाचे पोते दिले, कारण घरात पैसे नव्हते. बापाला लिहिता-वाचता येत नव्हते आणि त्याच्यासारखा हुशार माणूस दुसरा पाहिला नाही, असे ती सांगते. त्याच्यापासून प्रेरणा घेऊन तिने १९९५ मध्ये आपल्या सेव्हियर काउंटीत जन्मापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना दरमहा एक पुस्तक मोफत पाठवायला सुरुवात केली. या योजनेतून आजवर वीस कोटींहून अधिक पुस्तके वाटली गेली आहेत. ‘आपण कोण आहोत ते शोधा आणि मग मुद्दाम तसेच वागा’ हा तिचा उपदेश टी-शर्टांवर छापला जातो. तो या पुस्तकांच्या शेजारी ठेवून वाचावा.

विनोद हे काहींसाठी जगण्याचे साधनच होते. मिसिसिपीतील खंडकरी शेतकऱ्याचा मुलगा चार्ली प्राइड (१९३४–२०२०) कृष्णवर्णीय होता. १९६६ मध्ये त्याच्या सुरुवातीच्या तबकड्या कंपनीने त्याचे छायाचित्र न देता वितरित केल्या. त्याच काळात डेट्रॉइटच्या मोठ्या सभागृहात त्याचे नाव पुकारले गेले, टाळ्यांचा कडकडाट झाला आणि तो मंचावर येताच सगळे एकदम गप्प झाले. त्याने शांतपणे सांगितले की, हा कायमचा रापलेला रंग घेऊन कंट्री गायला उभे राहणे जरा विचित्र आहे खरे, पण मला ही गाणी आवडतात. सभागृह हसले, आणि त्याने गाणे सुरू केले. त्या एका वाक्यासाठी त्याला काय गिळावे लागले असेल, हे हसणाऱ्यांना कळले असेलच असे नाही. १९७१ मध्ये वर्षातील सर्वोत्तम कलावंताचा सन्मान त्यालाच मिळाला.

महाजालावर फिरणाऱ्या संग्रहांत या बोलांची बरीच सरमिसळ झाली आहे. ‘काही जण पावसात चालतात, बाकीचे नुसते भिजतात’ हे वाक्य कंट्री गायक रॉजर मिलरच्या नावावर सापडते, तसेच बॉब मार्ली आणि बॉब डिलन यांच्याही. लवकर उठलेल्या पाखराला किडा मिळतो, पण चीज मात्र (पहिला सापळ्यात अडकल्यावर) दुसऱ्या उंदराला, हे कंट्री गायक विली नेल्सनच्या नावे सांगितले जाते आणि इतर विनोदकारांच्याही. नाव आणि वाक्य यांच्यासोबत प्रसंग, वर्ष किंवा पुस्तक दिलेले नसेल, तर श्रेयावर विसंबू नये.

लक्षात राहिलेला प्रत्येक बोल शहाणपणाचा असतो असेही नाही. फेब्रुवारी १९५९ मध्ये पुढे कंट्री गायक म्हणून गाजलेला वेलॉन जेनिंग्स रॉक अँड रोल गायक बडी हॉलीच्या वाद्यवृंदात बास गिटार वाजवत होता. आयोवातील क्लिअर लेकच्या कार्यक्रमानंतर त्याने हॉलीच्या विमानातली आपली जागा तापाने फणफणलेल्या जे. पी. रिचर्डसन या गायकाला दिली आणि स्वतः बसने जायचे ठरवले. तुमची बस गारठून बंद पडो, असे हॉली हसत म्हणाला. मग तुझे विमान पडो, असे वेलॉनने थट्टेत उत्तर दिले. ३ फेब्रुवारीला मध्यरात्रीनंतर विमान कोसळले आणि हॉली, रिचर्डसन, गायक रिची व्हॅलेन्स व वैमानिक असे चौघे ठार झाले. ते शब्द आपल्याला वर्षानुवर्षे छळत राहिले, हे वेलॉनने नंतर उघडपणे सांगितले.

जॉनी कॅश (१९३२–२००३) मंचावर आला की ‘हॅलो, मी जॉनी कॅश’ एवढेच बोले. १३ जानेवारी १९६८ रोजी कॅलिफोर्नियातील फॉल्सम तुरुंगात कैद्यांपुढे गातानाही सुरुवात याच चार शब्दांनी झाली. त्याच्या तुरुंगातल्या मैफली त्याआधीच सुरू झाल्या होत्या. १९५० च्या दशकाच्या अखेरीस सॅन क्वेंटिन तुरुंगातल्या अशाच एका मैफलीत मर्ल हॅगर्ड हा तरुण कैदी बसला होता. पुढे हॅगर्ड स्वतः मोठा गायक झाला, पण तुरुंगवास उघड झाला तर सगळे संपेल या धास्तीत तो असे. ती गोष्ट लपवू नकोस, माझ्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात सर्वांसमोर सांगून टाक, असा सल्ला कॅशने त्याला दिला आणि हॅगर्डने तो मानला. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे राज्यपाल रोनाल्ड रेगन यांनी त्याला पूर्ण माफी दिली. सॅन क्वेंटिनचा विषय त्या दोघांत निघाला तेव्हाची हकिगत अशी सांगतात : कॅश म्हणाला, तू त्या कार्यक्रमात गायलास हे मला आठवत नाही. हॅगर्ड म्हणाला, ‘जॉनी, मी श्रोत्यांत होतो.’