लॉकवाला फ्लेक्स-हेड रॅचेट घेताना

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचं बॉनेट उघडलं की इंजिनाच्या दोन्ही अंगांना हात घालायला जागा असायची. इंजिन गाडीच्या लांबीत बसवलेलं, ताकद मागच्या चाकांना. साधा रिंगपाना घेऊन बहुतेक बोल्टांपर्यंत पोचता येई. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली, ती आडव्या इंजिनाची आणि पुढच्या चाकांना ताकद देणारी. आज रस्त्यावरच्या बहुतेक छोट्या मोटारी याच घडणीच्या आहेत. इंजिनाची एक बाजू केबिनच्या पत्र्याला जवळजवळ चिकटलेली, मधल्या फटीत वायरिंग, होजपाइप, एसीच्या नळ्या. बोल्ट दिसतो, गोटीही (म्हणजे सॉकेट) त्यावर बसते, पण दांडा फिरवायला गेलं की कशाला तरी अडतोच. अशा ठिकाणी मानेत वाकणारा रॅचेट लागतो, म्हणजे फ्लेक्स-हेड. वाकवलेली मान जागच्या जागी पक्की धरणारा तो लॉकवाला.

रॅचेटच्या डोक्यात एक दातेरी चक्र असतं आणि त्याला अडणारी खिटी. खिटीला मागून स्प्रिंग रेटत असते. एका दिशेला खिटी दातांत रुतते आणि बोल्ट फिरतो, उलट दिशेला ती दातांवरून घसरत कटकटते. अमेरिकेत 1863 साली अशा गोटीपान्याचं पेटंट घेतलं गेलं, तेव्हापासून हा गाभा फारसा बदललेला नाही. फ्लेक्स-हेडमध्ये डोक्याची शेपटी दांड्याच्या दोन कानांमध्ये बसते आणि त्यातून आरपार पिन जाते. लॉक असेल तर शेपटीच्या गोल कडेवर खाचा कापलेल्या असतात आणि दांड्यात स्प्रिंगवर बसलेला एक दातेरी खटका असतो. बटण दाबलं किंवा लिव्हर ओढली की खटका मागे सरकतो, सोडली की खाचेत बसतो. अर्धवर्तुळात दर 15 अंशांना थांबा असेल तर मानेला 13 जागा मिळतात.

आता वाकवण्याची किंमत. दांडा 250 मिलिमीटर लांब आहे आणि हाताने 200 न्यूटन, म्हणजे साधारण 20 किलोंचा जोर लावला, तर सरळ मानेने बोल्टवर 50 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, पडतो. मान वाकवली की उपयोगी पडणारी लांबी कमी होते, दांड्याची लांबी गुणिले कोनाचा कोसाइन इतकीच उरते. 15 अंशांना तोटा जेमतेम साडेतीन टक्के. 30 अंशांना 50 चे 43 उरतात, 45 ला 35 आणि 60 ला फक्त 25. म्हणजे 30 पर्यंत फारसं बिघडत नाही, त्यापुढे भराभर हातचं जातं.

पण टॉर्क घटतो हे त्यातलं लहान दुखणं. मोठं दुखणं असं की हात आता बोल्टाच्या पातळीत नाही, वर आहे. त्याच 200 न्यूटनने 45 अंशांवर 35 न्यूटन-मीटर बोल्ट फिरवायला आणि तितकंच 35 गोटी एका बाजूला कलंडवायला खर्ची पडतं. 30 अंशांना हे कलंडवणारं बळ 25 न्यूटन-मीटर भरतं. बोल्टाच्या डोक्याचे कोपरे गोल होतात ते बहुतेकदा यानेच. गोटी तिरकी होते, षट्कोनाच्या फक्त वरच्या कडेला टेकते आणि सगळा जोर त्या बारीक कडेवर येतो. मध्ये 150 मिलिमीटरचं एक्स्टेन्शन, म्हणजे रॅचेट आणि गोटी यांच्यामधली जोडदांडी, असेल तर त्याच्या उंचीचीही कलंडवणाऱ्या बळात भर पडते.

लॉकबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज इथे सुटतो. लॉक लावला की रॅचेट सरळ मानेच्या रॅचेटइतका मजबूत झाला, असं अनेकांना वाटतं. वरचं कलंडवणारं बळ खटक्यावर येतच नाही. ते आडवं असतं आणि दोन कान व पिन यांना पिळतं. लॉक असो वा नसो, ते त्यांनाच सोसायचं आहे. खटका फक्त मान वर-खाली होणं थांबवतो. त्याचा फायदा खरा आहे: एका हाताने गोटी बोल्टापर्यंत नेता येते, गोटी लावून अंधाऱ्या फटीत शिरवताना डोकं लोंबकळत नाही, एक्स्टेन्शन जोडलं तरी मान पडत नाही. पण त्याची दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी. बिनलॉकच्या मानेत तुम्ही चुकून दांडा वर उचललात तर मान नुसती वाकते, गोटीला काही होत नाही. लॉक लावल्यावर हाताची तीच चूक थेट गोटीपर्यंत जाते. म्हणून लॉकवाल्या रॅचेटवर डावा हात डोक्यावर हवाच. तळवा डोक्याच्या पाठीवर ठेवून ते बोल्टाच्या रेषेत दाबून धरायचं आणि उजव्या हाताने दांडा ओढायचा. दुसरा हात शिरत नसेल तर कोन कमी करा आणि एक्स्टेन्शनची लांबी बदलून बघा. 45 अंश आणि 75 मिलिमीटर यांपेक्षा 15 अंश आणि 150 मिलिमीटर हा जोड अनेकदा बरा पडतो.

मग घ्यायचा कुठला? मोटारीवर आणि सोसायटीच्या पंपावर काम करणाऱ्याने पहिला तीन सुती घ्यावा, म्हणजे गोटी ज्यावर बसते तो चौकोन तीन अष्टमांश इंचाचा असलेला, 200 ते 280 मिलिमीटर दांड्याचा. इंजिनाभोवतीचे बहुतेक बोल्ट एम 6 ते एम 10, म्हणजे 6 ते 10 मिलिमीटर जाडीचे असतात. 8.8 या मजबुतीच्या प्रतीच्या पोलादात एम 6 ला सुमारे 10, एम 8 ला 25 आणि एम 10 ला 50 न्यूटन-मीटर लागतात. हे सगळं तीन सुतीच्या आवाक्यात येतं. पाव इंची रॅचेट डॅशबोर्ड आणि एम 6 साठी छान, पण एम 10 वर त्याला राबवू नये. अर्धा इंची लॉकवाला मात्र मला फारसा पटत नाही. अर्धा इंची लागतो तो जोर काढायला, आणि जोर काढायला वाकणारी मान हे चुकीचं हत्यार आहे. त्या पैशात सरळ ब्रेकर बार, म्हणजे घट्ट बोल्ट सोडवायचा बिनरॅचेटचा लांब दांडा घ्यावा.

आयएसओ 3315 या मानकाच्या चाचणीत पाव इंची रॅचेटला 62, तीन सुतीला 202 आणि अर्धा इंचीला 512 न्यूटन-मीटर सोसावे लागतात. आकडे मोठे वाटतात. पण तीन सुतीच्या दांड्यावर मीटरभर पाइप चढवला आणि 30 किलोंचा जोर दिला की 300 न्यूटन-मीटर होतात. खिटीचे दात त्याच क्षणी तुटू शकतात, मग दांडा सुटतो आणि बोटं रेडिएटरच्या पत्र्यावर आपटतात.

पुढचा दात पकडायला दांडा किती अंश फिरवावा लागतो, हा हिशेब सोपा आहे: 360 भागिले दात. 36 दातांना 10 अंश, 72 ला 5, 90 ला 4 आणि 120 ला 3. 250 मिलिमीटरच्या सरळ दांड्याचं टोक 10 अंशांत 44 मिलिमीटर सरकतं, 5 अंशांत 22 आणि 3 अंशांत 13. फट एवढीच असेल तर हा फरक मोलाचा. तरी 120 च्या मागे धावण्याआधी हे बघा की चौकोन आणि गोटी यांच्यात खेळ असतो, गोटी आणि बोल्ट यांच्यात असतो आणि फ्लेक्स-हेडच्या पिनेतही असतो. एक्स्टेन्शन आणि युनिव्हर्सल जॉइंट (कोनात वळणारा सांधा) मध्ये आले की हा ढिलेपणा सहज काही अंशांवर जातो, आणि 3 अंशांचा दात त्यातच जिरतो. शिवाय दात बारीक झाले की प्रत्येक दाताची ताकद कमी होते. चांगल्या रचनेत खिटीला एकाऐवजी अनेक दात देऊन भार वाटतात, किंवा 60 दातांच्या चक्रावर अर्ध्या दाताच्या अंतराने दोन खिट्या बसवून 120 थांबे मिळवतात. 72 ते 90 दातांचा, घट्ट मानेचा रॅचेट रोजच्या कामाला पुरेसा आहे.

हातात घेऊन पारखायला नागदेवी स्ट्रीटची हत्यारांची दुकानं बरी. मशीद स्टेशनवरून चालत जाता येतं. गाड्यांच्या पार्टसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जाणं असेल तर तिकडेही चौकशी करता येते. काउंटरवर आधी मान 45 अंशांना लॉक करा आणि डोकं एका मुठीत, दांडा दुसऱ्या मुठीत धरून आडवं पिळा. कानांत आणि शेपटीत डोळ्यांना दिसेल इतका खेळ असेल तर तो परत ठेवा. नव्यात एवढा असेल तर वर्षभरात कान फाकतील. मग बटण सोडल्यावर ते पूर्ण वर येतं का ते प्रत्येक थांब्यावर बघा. अर्धवट वर आलेलं बटण म्हणजे खटका खाचेच्या टोकावर बसलाय, आणि तो भाराखाली सुटणार. त्यानंतर चौकोन दोन बोटांत हलका धरून दांडा उलट फिरवा. बोटांत चौकोन फिरत असेल तर ढिला बोल्टही असाच रॅचेटबरोबर मागे-पुढे होत राहील आणि तुम्ही नुसती कटकट ऐकत बसाल. हा उलटा अडथळा जितका कमी तितका रॅचेट चांगला. शेवटी डोक्याची जाडी आणि मानेची रुंदी मोजा. लॉकच्या यंत्रणेमुळे मान बिनलॉकच्यापेक्षा जाड असते, आणि ज्या फटीसाठी घेताय तिच्यातच ती शिरली नाही तर काय उपयोग? दिशा बदलायची लिव्हर तेलकट बोटाने फिरते का, हेही तिथेच कळेल.

बटण की लिव्हर? माझा कल लिव्हरकडे, कारण हातमोजा घालूनही ती ओढता येते. पण अरुंद जागेत लिव्हर केबलला अडकून चुकून उघडू शकते, तिथे खोलगट बसवलेलं बटण बरं.

वापराचं एक उदाहरण स्टार्टर मोटरच्या वरच्या बोल्टाचं. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. स्टार्टरला येणारी जाड केबल थेट बॅटरीवरून येते, आणि रॅचेटचा दांडा तिला व बॉडीला एकदम टेकला तर ठिणग्या उडतात, दांडा तापून चिकटतो. बोल्टावर गंज सोडवणारं तेल मारून दहा-पंधरा मिनिटं थांबा. पहिला झटका रिंगपान्याने किंवा सरळ मानेच्या बारने. बोल्ट एकदा हलला की फ्लेक्स-हेड, तोही बारा कोनांच्या नव्हे, सहा कोनांच्या गोटीसह, कारण ती कोपऱ्यांऐवजी सपाट अंगांवर जोर देते. बोल्ट बोटाने फिरण्याइतका ढिला झाला की मान 90 अंशांना उभी करून रॅचेट स्क्रू-ड्रायव्हरसारखा बोटांत फिरवता येतो. फिटिंग करताना हेच उलट क्रमाने. पहिले दोन-तीन आटे हातानेच, नाहीतर आटे चुकीचे चढतात. शेवटचा टॉर्क मात्र टॉर्क रेंचने, म्हणजे ठरवलेला टॉर्क आला की क्लिक करणाऱ्या पान्याने. फ्लेक्स-हेडचा टॉर्क रेंच असेल तर कोन 15 अंशांच्या आत ठेवावा, कारण क्लिक दांड्यावरच्या बळाला होते आणि बोल्टाला कोसाइनने घटलेला टॉर्क मिळतो. या रॅचेटवर इम्पॅक्ट गन, म्हणजे ठोके देत बोल्ट फिरवणारं यंत्र, कधीच जोडू नये.

जून ते सप्टेंबर मुंबईत लोखंडाला उघडं ठेवण्याची सोय नाही. त्यात समुद्राजवळच्या वस्तीत खारी हवा. दांड्यावरचा क्रोम टिकतो, गंज धरतो तो पिनेच्या भोवती आणि खटक्याच्या भोकात, जिथे मुलामा पातळ असतो किंवा घासून गेलेला असतो. काम झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसून पिनेवर आणि बटणावर पातळ मशीन ऑइलचा एकेक थेंब सोडावा आणि मान दोन-चार वेळा पूर्ण वाकवावी. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवावी. खाचांत ब्रेकची धूळ आणि वाळू जमली की खटका पूर्ण बसत नाही. रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशने घासलं की बहुतेक वेळा तो परत बसतो.

डोकं उघडायचं असेल तर मोठ्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून उघडा, कारण खिटीची स्प्रिंग उडाली की सापडत नाही. उघडण्याआधी खिटीची बाजू मोबाइलवर टिपून ठेवा. आत ग्रीस भरायचा मोह टाळा. व्हील बेअरिंगचं घट्ट ग्रीस खिटीला आळशी करतं, ती दातात वेळेवर बसत नाही, आणि भार येताच रॅचेट घसरतो. दातांवर पातळ ग्रीसचा हलका लेप पुरे. त्यानंतरही भाराखाली दात सुटत असतील तर खिटी आणि चक्र झिजलंय. काही कंपन्या हे दोन्ही सुट्या किटमध्ये देतात, म्हणून विकत घेतानाच किट मिळतं का ते विचारून ठेवावं.