अडॅप्टर हरवलाय? येताना वस्तूही घेऊन या

आवराआवरीत राउटर सापडतो, अडॅप्टर सापडत नाही. मग मागणी येते, “गोल पिनचा अडॅप्टर द्या.” गोल पिनचे अडॅप्टर आमच्याकडे खोकंभर आहेत आणि त्यातले बरेचसे तुमच्या वस्तूत बसतीलही. घोळ तिथेच होतो.

पिन बसली म्हणजे अडॅप्टर जुळला, असं नाही. ९ व्होल्टच्या वस्तूत १२ व्होल्टची पिन आरामात जाते. एखादी वस्तू सोसते, एखादी लगेच मान टाकते आणि मग अडॅप्टरसाठी आलेलं काम दुरुस्तीचं होऊन बसतं. म्हणून वस्तू किंवा निदान तिच्यामागच्या स्टिकरचा फोटो पाहिल्याशिवाय आम्ही अडॅप्टर देत नाही. काहींना हा आडमुठेपणा वाटतो. वाटू दे.

स्टिकरवर व्होल्टचा आकडा असतो, तो तंतोतंत जुळायला हवा. अँपिअर मात्र तेवढेच किंवा जास्त चालतात, कारण वस्तू स्वतःला लागेल तेवढाच करंट ओढते. १ अँपिअरच्या राउटरला २ अँपिअरचा अडॅप्टर खुशाल लावा. ५०० मिलिअँपिअरचा लावलात, तर अडॅप्टर तापेल आणि राउटर मधूनच बंद-चालू होत राहील. (“२२० व्होल्टचा द्या” असंही बरेचजण सांगतात. तो भिंतीतला आकडा झाला, आम्हाला वस्तूला लागणारा हवा.) आकड्याशेजारी आडवी रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघा असतील तर डीसी (एकाच दिशेने वाहणारा करंट), नागमोडी रेघ असेल तर एसी (दिशा बदलत राहणारा). पिनचा प्लस आत की बाहेर, हे गोलाच्या छोट्या चित्रात दाखवलेलं असतं. बहुतेक ठिकाणी प्लस आत असतो, गिटारच्या पेडलांत मात्र बहुधा उलटं.

पिनचं माप फोटोवरून कळत नाही. बाहेरून ५.५ मिमीच्या दोन पिना हुबेहूब सारख्या दिसतात, पण आतलं भोक एकीचं २.१, दुसरीचं २.५. २.१ ची पिन २.५ च्या जॅकमध्ये शिरतच नाही. २.५ ची पिन २.१ च्या जॅकमध्ये जाते, पण सैल राहते आणि वायर जरा हलली की वस्तू बंद. म्हणून वस्तू सोबत आणा, इथेच लावून पाहता येते.

किटलीच्या वायरचं वेगळं. ती कॉम्प्युटरच्या वायरसारखीच दिसते, पण तिच्या तोंडाला एक खाच असते, कारण ती जास्त उष्णता सोसेल अशी बनवलेली असते. कॉम्प्युटरची वायर तिथे बसू नये, यासाठीच ती खाच. एकाने सुरीने खाच पाडून वायर बसवली होती. कृपया असं करू नका.

आमच्याकडून जाणारा प्रत्येक अडॅप्टर मीटरवर तपासलेला असतो आणि तो कोणत्या वस्तूचा, याची चिठ्ठी चिकटवूनच देतो. घरात बेवारस अडॅप्टर पडले असतील तर तेही सोबत आणा, ओळखून द्यायचे पैसे घेत नाही. हरवलेला कित्येकदा त्यांच्यातच निघतो.