रिक्रूटिंग क्लासची क्रमवारी आणि ब्लू-चिप रेशो: त्याच स्टारांवरून मांडलेले दोन वेगळे हिशेब

अमेरिकेतील विद्यापीठांचे फुटबॉल संघ (इथे फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल) शाळेतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंना दर वर्षी डिसेंबर आणि फेब्रुवारीत करारबद्ध करतात, आणि नव्याने आलेल्या या तुकडीला, म्हणजे रिक्रूटिंग क्लासला, देशभरातल्या क्रमवारीत एक क्रमांक मिळतो. पुढे हंगाम तोंडावर आला की ‘ब्लू-चिप रेशो’ नावाची, संघाने घेतलेल्यांत वरच्या श्रेणीचे खेळाडू किती हे सांगणारी टक्केवारी चर्चेत येते. मिशिगन, ओहायो स्टेट किंवा टेक्सस ए अँड एममध्ये शिकायला गेलेल्या मराठी विद्यार्थ्यांच्या कानांवर हे दोन्ही आकडे पहिल्याच वर्षी पडतात, आणि दोन्ही खेळाडूंच्या त्याच मूल्यांकनावरून निघत असल्यामुळे ते एकाच गोष्टीची दोन नावे आहेत, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात ते दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे देतात.

दोन्हींचा पाया खेळाडूचे व्यक्तिगत मूल्यांकन हा आहे. सर्वाधिक उद्धृत होणारी क्रमवारी २४७ स्पोर्ट्‌स या संस्थेची असून तिचे ‘कॉम्पोझिट’ मूल्यांकन म्हणजे तिच्या स्वतःच्या तज्ज्ञांचे मत आणि ईएसपीएन, रायव्हल्स यांसारख्या इतर संस्थांची मते एकत्र करून काढलेला, जास्तीत जास्त १ पर्यंत जाणारा दशांश आकडा. या आकड्यावरून खेळाडूला जास्तीत जास्त पाच स्टार मिळतात; साधारण ०.८९ च्या पुढे तो फोर-स्टार ठरतो. फाइव्ह-स्टार ही श्रेणी मात्र देशातल्या जेमतेम तीसेक खेळाडूंच्या वाट्याला येते, कारण एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या फेरीत ३२ निवडी असतात आणि ही संख्या त्या मानाने ठरवलेली आहे.

क्लासचे गुण काढताना या आकड्यांची सरळ बेरीज केली जात नाही, आणि गैरसमजाचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते. संघाचे खेळाडू मूल्यांकनाच्या उतरत्या क्रमाने लावले जातात आणि प्रत्येकाला घंटाकृती वक्रानुसार भार दिला जातो. फुटबॉलसाठी या वक्राचे प्रमाण विचलन, म्हणजे तो किती पसरट आहे याचे माप, ९ धरले जाते. त्यामुळे पहिल्या खेळाडूचा भार १०० टक्के, दुसऱ्याचा ९९ टक्क्यांहून थोडा अधिक, दहाव्याचा सुमारे ६१, विसाव्याचा सुमारे ११ आणि पंचविसाव्याचा तर ३ टक्क्यांहूनही कमी असतो. केवळ माणसे वाढवून क्रमवारी चढता येऊ नये, हा या रचनेचा हेतू आहे आणि पंचविशीच्या पुढे तो चोख साधतो. मात्र तेराव्या खेळाडूचा भार अजून ४१ टक्के असल्यामुळे बारा-पंधरा जणांचा निवडक क्लास वीस-बावीस जणांच्या क्लासपुढे मागे पडू शकतो, मग त्याची सरासरी वरचढ का असेना. उन्हाळ्यात, म्हणजे काही संघांची निम्मीच भरती झालेली असताना, पाहिलेली क्रमवारी म्हणूनच फारशी विश्वासार्ह नसते. त्या काळात मी खेळाडूंच्या सरासरी मूल्यांकनाचा रकाना आधी पाहतो, आणि इतरांनीही तसेच करावे, असे मला मनापासून वाटते.

ब्लू-चिप रेशो ही बड एलियट या पत्रकाराची कल्पना. तिचे गणित अगदी साधे आहे: मागच्या चार वर्षांत शाळेतून करारबद्ध केलेल्या खेळाडूंपैकी फोर-स्टार आणि फाइव्ह-स्टार किती टक्के होते, एवढेच ती मोजते. एलियट यांनी ५० टक्क्यांची रेषा आखली, आणि २०११ ते २०२४ या हंगामांतले सर्व राष्ट्रीय विजेते तिच्या वर होते. क्लासची संख्या लहान की मोठी, याने इथे काही बिघडत नाही. बिघडते ते उंबरठ्यावर. ०.८८९ आणि ०.८९१ यांतला फरक क्लासच्या गुणांत जवळजवळ दिसत नाही, पण रेशोमध्ये पहिला खेळाडू शून्य धरला जातो आणि दुसरा पूर्ण एक. चार वर्षांत ९० खेळाडू घेतलेल्या संघाचे असे दोन खेळाडू फोर-स्टारच्या उंबरठ्याच्या अलीकडून पलीकडे गेले, तर ४८.९ टक्क्यांचे ५१.१ टक्के होतात. उलट देशातला सर्वोत्तम खेळाडू आणि जेमतेम फोर-स्टार ठरलेला खेळाडू यांना हा रेशो एकाच मापाने मोजतो, तर क्लासच्या गुणांत तो फरक ठळक उमटतो.

२०२२ मध्ये टेक्सस ए अँड एमने त्या वेळपर्यंतचा सर्वाधिक गुणांचा क्लास जमवला, आणि त्याच हंगामात संघाने ५ सामने जिंकून ७ गमावले. क्रमवारी खोटी होती, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. तो मला अन्यायाचा वाटतो. ती क्रमवारी नुकत्याच दाखल झालेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांबद्दल होती, आणि मैदानावरचा भार मुख्यतः आधीच्या वर्षांतल्या खेळाडूंवर असतो. मिशिगनचे उदाहरण नेमके उलटे आहे. २०२० ते २०२३ या चार वर्षांत त्यांचा एकही क्लास पहिल्या पाचांत नव्हता. पण फोर-स्टार खेळाडूंचा पुरवठा सातत्याने चालू राहिल्यामुळे रेशो पन्नाशीच्या थोडा वर होता, आणि २०२३ च्या हंगामाचे विजेतेपद त्यांनी मिळवले. संघात आज एकूण किती गुणवत्ता साठलेली आहे हे विचारायचे असेल तर चार वर्षांचा आकडा पाहावा. प्रशिक्षकाने या वर्षी काय कमावले हे विचारायचे असेल तर क्लासचे गुण पाहावेत.

एक उणीव मात्र दोन्हींत सारखीच आहे. ट्रान्स्फर पोर्टलमधून, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या अधिकृत यादीतून, दुसऱ्या विद्यापीठातून आलेले खेळाडू ब्लू-चिप रेशोत धरले जात नाहीत, आणि शालेय क्लासच्या क्रमवारीतही त्यांची गणना होत नाही. त्यांचे गुण वेगळे मांडले जातात. इंडियाना विद्यापीठाने २०२३ मध्ये ३ सामने जिंकले आणि ९ गमावले. नवे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी यांनी जेम्स मॅडिसन या आपल्या आधीच्या विद्यापीठातले अनेक खेळाडू सोबत आणले, आणि २०२४ मध्ये संघ ११ विजयांसह राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या १२ संघांच्या प्लेऑफमध्ये पोहोचला. या झेपेचा अंदाज या दोन्ही आकड्यांवरून येणे शक्य नव्हते. प्रत्यक्ष संघात आज कोण आहे हे मोजणारा ‘टीम टॅलेंट कॉम्पोझिट’ हा तिसरा आकडा २४७ स्पोर्ट्‌स देते. सोडून गेलेले खेळाडू त्यातून वगळलेले असतात आणि बाहेरून आलेले त्यात धरलेले असतात, पण प्रत्येकाचे मूल्यांकन त्याच्या शालेय दिवसांतलेच असते.